डब्ब्यातली बांधी

मोहाडी
७ फेब्रुवारी १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

मी इथे नीट पोचले. भंडाऱ्याला बस बदलावी लागली, दुसरीत जागा नव्हती, उभी राहून आले. तुम्ही मला सोडायला एस.टी.पर्यंत आला नाहीत. त्याचा राग नाही. वाईट वाटलं, ते लिहून टाकते म्हणजे मनात कुजत राहणार नाही.

खोली बरी आहे. पुष्पाबाई म्हणून घरमालकीण आहेत, त्यांच्या घराच्या कडेची एक खोली, पूर्वेला खिडकी, ओसरी दोघींची मिळून. तहसील कचेरी चालत जाण्यासारखी आहे. मला आवक-जावकचं टेबल दिलंय. कुणी कागद आणला की शिक्का मारायचा आणि रजिस्टरात चढवून ठेवायचा. हे गेल्यावर ह्यांच्या जागेवर मला घेतलं म्हणून पहिल्या दिवशी सगळे उगाच हळू बोलत होते. आता नीट ओरडतात, ते बरं वाटतं.

संध्याकाळी खोलीवर आलं की मात्र काय करावं कळत नाही. पुष्पाबाईंची सगळी ओसरी रंगीत पानांच्या झाडांनी भरली आहे. क्रोटन म्हणतात त्याला. पिवळी, तांबडी, ठिपक्याठिपक्यांची पानं. त्यांनी त्यातलं एक रोप तेलाच्या रिकाम्या डब्ब्यासकट मला दिलं. म्हणाल्या, घे, खोलीत तेवढाच एक जीव.

आता पंचाईत अशी की मला झाडातलं काहीच कळत नाही. आईबाप लहानपणीच गेले, मामांकडे तुमसर रोडच्या रेल्वे चाळीत वाढले, तिथे कोळशाची भुकटी आणि रूळ. लग्न करून आसगावला आले तर रोवणीत मी लावलेले धानाचे पऱ्हे आडवे पडायचे आणि बाया हसायच्या, तुम्हाला आठवत असेल. तेव्हा सांगा, ह्या झाडाला पाणी किती घालू, माती कोणती, कुठे ठेवू.

पुष्पाबाईंना विचारता येईल. पण मला तुम्हाला विचारायचं आहे. तुमचं पत्र आलं तर मला समजेल की आसगावचं दार माझ्यासाठी बंद झालेलं नाही.

तुमची
मंगला


आसगाव
१८ फेब्रुवारी १९८२

मंगलाले जयभीम.

तुहं पत्र भेटलं. कोनाकडून वाचून नाई घेतलं, मीच वाचलं. विहारातल्या म्हताऱ्या बायांच्या वर्गात बसली ते फुकट नाई गेलं. अक्षर वाकडं आहे, समजून घेजो.

मी एस.टी.वर आली नाई कारन मले यायचं नव्हतं. गावात सांगतलं का जवस उपटाले गेलती. तुले खरं सांगतो. मनोहरले जाऊन वरीस झालं नाई अन् तू पेटी उचलून चालली. नोकरी सरकारनं देल्ली, मले समजते. पन घरात दोन मानसं होती, आता एक आहे, हे सरकारले कोन सांगन.

आता झाडाचं. मले हे नाई समजत का लोकं घरात झाड ठेवतात कायले. फूल नाई, फळ नाई, सावली नाई. रंगीत पान म्हनते, त्याले शेळीबी तोंड लावत नसन. पन तू इचारलं तं सांगतो. माह्या हातचा पऱ्हा आजवर मेला नाई. रोवन्याच्या दिवसात पार कोंढा गावावरून लोकं मले बलवाले येतात, तुले मालूम आहे.

ध्यान देऊन आयक. डब्ब्याले खालून भोक असन तं पयले ते बुजव. बांधीच्या कडेच्या धुऱ्याले खेकड्यानं भोक पाडलं का बांधीतलं सारं पानी निंघून जाते अन् धान सुकते, तसंच ते. चिकन मातीचा गोळा करून आतून घट्ट दाबजो. मंग माती अन् पानी कालवून चिखल कर, लोन्यावानी मऊ होयेपर्यंत. त्यात रोप रोव. वर बोटभर पानी उभं ठेव. पानी आटलं का भरजो. याच्यात बुद्धी लागत नाई, ध्यान लागते.

लाखोळीची डाळ काढून ठेवली आहे. माहा दीर मंगरू त्याच्या पोरीकडं मोहाडीले येइन तवा पाठवतो. उपाशी राहू नको.

धुरपता


मोहाडी
३ मार्च १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कचेरीत मी दोन कागदांवर उलटा शिक्का मारला. साहेबांनी ते पुन्हा मारायला लावले.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. चिकणमाती मोहाडीत कुठे मिळते ते मला माहीत नव्हतं. शेजारी परसराम म्हणून राहतात, गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत, त्यांनी तलावाच्या काठावरून घमेलंभर आणून दिली. भोक बुजवलं, चिखल केला, कोपरापर्यंत हात भरले. खूप दिवसांनी हाताला चिखल लागला तर मला रडू आलं आणि मग हसू आलं. रोप लावलं, वर बोटभर पाणी ठेवलं. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवलंय, माझ्या उशापाशी.

पुष्पाबाईंनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बाई गं, ते भोक जास्तीचं पाणी निघून जायलाच पाडलेलं असतं. मी म्हटलं, आमच्या आईंनी सांगितलंय. तुम्हाला आमच्या आईंचा हात माहीत नाही.

खालची एक-दोन पानं पिवळी झाली आहेत. जागा नवी म्हणून असेल. माझंही इथे आल्यावर तसंच झालं होतं.

तुम्ही लिहिलंत की घरात आता एकच माणूस आहे. आई, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचते. तुम्ही इकडे या. खोली लहान आहे, पण दोन अंथरुणं मावतात.

तुमची
मंगला


आसगाव
२२ मार्च १९८२

मंगलाले जयभीम.

मी तिकडं येइन तं माह्या बांधीचं काय करू, पिशवीत घालून आनू? असं बोलत नको जाऊ.

पान पिवळं पडलं म्हनजे झाडाले भूक लागली. शेनखत टाक ओंजळभर, अन् पानी कमी पडू देऊ नको. पुष्पाबाईचं आयकू नको. तिनं कधी बांधीत पाय टाकला असन असं मले वाटत नाई.

तुह्या झाडाची गोष्ट मी इथं बायाइले सांगतली. साऱ्या हासल्या. म्हनतात, धुरपता आता डब्ब्यात बांधी करते. मी म्हनलं, हासा. मंगरूच्या हाती मोहाडीवरून रोप बलावतो अन् तुमाले वाढवून दाखवतो. तं मंगरू पुढच्या महिन्यात येऊन राहिला, त्याच्याजवळ तुह्या झाडाचं एक रोप देजो. तुह्याच झाडाचं पायजे, बाजारचं नको.

आनखी एक. तो कंपाउंडर कोन? त्याले बायको-लेकरं आहेत का? उगाच इचारलं.

धुरपता


मोहाडी
१२ एप्रिल १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

मंगरूकाकांच्या हाती रोप पाठवते आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलंय, पोचल्याबरोबर लावा. माझ्याच झाडाचं आहे. झाड चांगलं आहे. त्याबद्दल आणखी काय लिहू.

डाळ मिळाली. पुष्पाबाईंना वाटीभर शिजवून दिली, त्यांनी वाटी पुन्हा पाठवली, रिकामी, म्हणजे आणखी द्या असं. परवा जयंती. कचेरीतल्या आम्ही चौघी-पाचजणी मिरवणुकीला जाणार आहोत, पांढरी साडी धुऊन ठेवली आहे. तुम्ही मागच्या साली माझ्या पदराला पिन लावून दिली होती.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. परसरामांची बायको बाळंतपणात गेली, लेकरूही राहिलं नाही. त्याला काही वर्षं झाली. माणूस सरळ आहे. गुरांशी बोलून बोलून आवाज मोठा झालाय, एवढंच.

तुमची
मंगला


आसगाव
५ मे १९८२

मंगलाले जयभीम.

रोप भेटलं. लावलं. डब्बा नव्हता म्हून नवं मडकं घेतलं, त्याले भोक नाईच, म्हनजे बुजवायची कटकट नाई. चिखल असा केला का पाय पडला तं निंघू नाई. बायाइले बलावून दाखवलं. साऱ्या वाकून वाकून पान पाहाले लागल्या. एक म्हने, लुगड्याचा काठ असाच पायजे.

माजघरात मनोहरच्या फोटोखाली ठेवलं आहे. उन्ह बाहेर असं पडून राहिलं का कुत्रंबी ओसरी सोडत नाई, पन त्या मडक्यातलं पानी मी आटू देल्लं नाई.

तुले एक सांगतो, हासू नको. तू गेल्यावर मी सकाळी उठाची ते उठा लागते म्हून. आता उठून पयले त्याले पानी पाहातो. त्याच्यासंगं बोलतोबी. मनोहरच्या फोटोसंगं मले बोलता येत नाई. झाडासंगं बोलता येते. तं लोकं घरात झाड कायले ठेवतात ते मले जराक समजलं.

त्या मानसाचं समजलं. वाईट झालं त्याचं.

तुहं झाड केवढं झालं ते लिवजो.

धुरपता


मोहाडी
२० जून १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

उशीर झाला, रागावू नका. कचेरीत दाखल्यांची गर्दी आहे. शाळा उघडतात तेव्हा सगळ्या जिल्ह्याला एकदम आपली जन्मतारीख आठवते.

माझं झाड चांगलं वाढलंय. वर नवं पान आलं, अगदी तांबडं. तुमचं कसं आहे? फोटोखाली ठेवलंत हे वाचून बरं वाटलं. ह्यांना तांबडा रंग आवडायचा, माझ्या लग्नातली साडी त्यांनीच निवडली होती.

आई, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. पत्रात लिहिण्यासारखं नाही. रोवणी झाली की चार दिवस इकडे या. नाहीतर मी रजा काढून येते. पण तुम्ही आलात तर मला जास्त आवडेल.

तुमची
मंगला


आसगाव
२४ ऑगस्ट १९८२

मंगलाले जयभीम.

रोवना आटपला. पाय सडले पान्यात, आता तेल लावून बसली आहे, म्हून लिवाले फुरसत भेटली. मोहाडीले येनं काई होत नाई, तवा पत्रातच बोलतो. पयले एक सांगतो, मंग एक इचारतो.

माह्या मडक्यातलं झाड मेलं. आता नाई मेलं, जेठ महिन्यातच मेलं. पयले पानं पिवळी पडली, मी शेन टाकलं. मंग गळाले लागली, मी आनखी पानी टाकलं. मंग दांडी हातात आली. मडकं फोडून पाह्यलं तं मुळं काळी, अन् वास असा का तलावातला गाळ उपसला. मनोहरच्या फोटोखाली ते मेलं म्हून मले लय लागलं. कोनाले सांगतलं नाई. बायाइनं इचारलं तं म्हनलं, उन्हानं गेलं.

मंग रोवना करता करता डोस्कं चालवलं. धानाचा जीवच पान्यात. ते पान्यात उभं राहून हासते. हे झाड त्या जातीचं नाई. मासोळीले जे चालते ते कोंबडीले चालन का? तुह्या पुष्पाबाईचं खरं होतं. मीच येडी. सारी जिंदगी एकच पीक केलं, तं वाटलं जगात जे हिरवं आहे ते सारं धानच आहे.

हे झालं सांगायचं. आता इचारायचं.

मी सांगतलं तसं करून माह्या घरी मेलं. तुह्या घरीबी तसंच केलं होतं. तं तुह्या झाडाले तांबडं पान कुठून आलं? मले लिवनं वाचनं आता आलं, पन इचार करनं तं पयलेपासून येते. तुहं झाडबी मेलं, मंगला, अन् तू मले खोटं लिवून राहिली.

मंगरू तुह्याकडून रोप घेऊन आला तवा त्यानं आनखी एक सांगतलं. तो दवाखान्याचा मानूस ओसरीवर बसला होता, अन् तुमी दोघं हासत होते. मी मंगरूले म्हनलं, हासाले बंदी आहे का? त्याचं तोंड बंद केलं. माहं मन बंद नाई झालं. तं इचारतो का झाडाचं खोटं लिवलं, आनखी काय लपवलं?

धुरपता


मोहाडी
३१ ऑगस्ट १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

तुम्ही ओळखलंत. झाड एप्रिलच्या सुरुवातीलाच मेलं. शेणखत टाकलं आणि आठवड्याभरात गेलं. तुम्हाला पाठवलं ते रोप पुष्पाबाईंच्या ओसरीवरचं होतं. तांबडं पान मी मनाने आणलं.

का केलं ते सांगते. पुष्पाबाईंनी भोक उघडायला सांगितलं तेव्हाही मी उघडलं नाही. मला कळत होतं की त्यांचं बरोबर असणार. पण तुम्ही माझ्यावर रागावून बसला होतात आणि झाडाचं विचारल्यावर तुमचं पत्र आलं. तुमचा राग दोन ओळींत संपला आणि बाकी सगळं पत्र झाडाचं होतं. मी मनाशी धरलं की झाड जगलं तर पत्रं येतील. मेलं असं कळवलं तर तुम्हाला वाटेल, माझ्या हातचं मेलं, आता काय लिहायचं. म्हणून जिवंत ठेवलं, कागदावर. तुमचं झाडही त्यामुळेच गेलं. मी वेळेवर खरं लिहिलं असतं तर ह्यांच्या फोटोखालचं ते झाड वाचलं असतं. ह्याची मला फार लाज वाटते.

आता दुसरं. मे महिन्यात परसरामांनी मला विचारलं, लग्न करशील का म्हणून. पुष्पाबाईंच्या समोर विचारलं, लपूनछपून नाही. मी अजून उत्तर दिलेलं नाही. जूनमध्ये तुम्हाला हेच सांगायचं होतं.

आई, मला हो म्हणायचं आहे. लिहिलं एकदाचं.

ह्यांना मी विसरले नाही आणि विसरणार नाही. परसरामही आपल्या बायकोचं बोलतात, मी ऐकते. मी ह्यांचं बोलते, ते ऐकतात. तेवढ्यासाठीच मला तो माणूस बरा वाटला. पण मी हो म्हटलं त्या दिवशी मी तुमची कोण राहीन, हे मला कुणी सांगत नाही. सून राहणार नाही. मग मी आसगावला कोणत्या नात्याने येऊ? तुम्ही आजारी पडलात तर मला कुणी कळवेल का? मला नवरा मिळेल आणि आई जाईल, अशी मला भीती वाटते. तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांना नाही सांगेन. मी तुम्हाला पेचात धरायला हे लिहीत नाही, खरंच तसं करीन.

मी पुन्हा एक रोप लावलंय, ह्या वेळी पुष्पाबाईंकडून शिकून. डब्ब्याचं भोक उघडं ठेवलं, माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर खापरीचा तुकडा. साधी माती, थोडी वाळू, मूठभर जुनं शेणखत. चिखल नाही. कोपऱ्यातून काढून खिडकीशी ठेवलं, त्याला उजेड लागतो. रोज पाणी नाही घालायचं. मातीत बोट खुपसून पाहायचं, आत कोरडं लागलं तरच घालायचं, खालून थेंब पडेपर्यंत. माझ्यासारखीला हात आवरणं फार कठीण जातं, सारखं वाटतं घालावं. अजून नवं पान आलेलं नाही. हे खरं लिहिते आहे. जुनी पानं मात्र धरून आहेत.

तुमची
मंगला


मोहाडी
२१ सप्टेंबर १९८२

आईंना मंगलाचा जयभीम.

तुमचं उत्तर नाही. पोस्टमन आता मला पाहिलं की लांबूनच मान हलवतो.

मी परसरामांना काही सांगितलेलं नाही. तेही विचारत नाहीत. संध्याकाळी ओसरीवर बसतात, कुणाच्या म्हशीला काय झालं ते सांगतात आणि उठून जातात. काल एका बैलाने त्यांच्या पायावर पाय दिला, तरी लंगडत येऊन बसले.

झाडाला पान आलंय. आधी हिरवं निघालं, आता कडेने पिवळं होतंय, आजारी पिवळं नाही, रंगाचं पिवळं. माझ्या शब्दावर विश्वास बसत नसेल तर पुष्पाबाईंची सही घेऊन पाठवते.

आई, रागाने लिहा, शिव्या लिहा, पण लिहा. मंगरूकाकांच्या मुलीकडे दोनदा जाऊन आले, तुमची तब्येत बरी आहे एवढंच तिने सांगितलं. तब्येत बरी आहे आणि पत्र नाही, म्हणजे मी काय समजू?

तुमची
मंगला


आसगाव
४ ऑक्टोबर १९८२

मंगलाले जयभीम.

तुह्या दोन्ही चिठ्ठ्या भेटल्या. तब्येतीले काई झालं नाई. लिवलं नाई कारन लिवाले बसली का राग ये. कागद फाडून टाको. चांगले दोन-चार कागद वाया गेले.

पयले वाटलं, राग तुह्यावर आहे. मंग बांधीवर निंदाले गेली, तिथं समजलं का तुह्यावर नाई, मनोहरवर आहे. तो काहून गेला. तो असता तं तुले कोनी इचारलं नसतं, अन् मले हे पत्र लिवा लागलं नसतं. मेलेल्या पोरावर राग काढता येत नाई तं जित्या पोरीवर काढला. तिथंच धुऱ्यावर बसली अन् पोटभर रडली. बाजूच्या बांधीतल्या बाया आल्या, त्याहिले म्हनलं, डोळ्यात कचरा गेला. त्याहिले समजलंच असन.

तुले आनखी एक खरं सांगतो. तू मोहाडीले निंघाली तवा मी भांडली ते नोकरीसाठी नव्हतं. तू सव्वीस वर्साची. मले मालूम होतं का तू गावातून बाहेर पडली का आज ना उद्या कोनीतरी चांगला मानूस तुले इचारन, अन् तू हो म्हनशील, अन् म्हनालेच पायजे. ते मले तवाच दिसत होतं, म्हून एस.टी.वर आली नाई.

तू इचारलं, मी तुमची कोन राहीन. मले हे वाचून असं वाटलं का मोहाडीले येऊन तुह्या गालफडात एक द्यावी. मनोहर बिमार होता तवा त्याची पेज, त्याचं पानी तू केलं, अन् तो गेल्यावर माहंबी तूच केलं. मी जेवत नव्हती तवा तू ताट घेऊन माह्यासमोर बसून राहे, म्हने, तुमी नाई जेवल्या तं मीबी नाई जेवत. तुले भूक सहन होत नाई हे मले मालूम, म्हून मी जेवो. तसं कोनी सून म्हून करते का? माहं एक लेकरू गेलं. दुसरं आहे, ते मोहाडीले कागदावर शिक्के मारते. हे नातं मनोहरच्या मार्फत आलं, पन आता मनोहरच्या मार्फत नाई राहिलं. तुले समजलं नसन तं आता समजून घे.

म्हून हो म्हन त्याले. आजच म्हन, पत्र हातात घेऊन जा.

पन मले तो मानूस पाहू दे. कापनीच्या आधी येऊन जा म्हना. त्याचा कोनी मोठा असन तं संगं आनावं. मी त्याले तोंडावर इचारनार आहे का दारू पेते का, अन् नोकरी सोडाले लावशीन का पोरीले. सोडाले लावन तं आल्या पावली परत. माह्या शेळीले खुरकूत झाली आहे, औषध घेऊन ये म्हना, म्हनजे इचारता इचारता कामबी होइन.

येताना एक रोप आनजो. या वेळी पुष्पाबाईच्या हातचंच आनजो अन् तसंच सांगजो. मी मडक्याले खिळ्यानं भोक पाडून ठेवलं. दोन मडकी फुटली, तिसऱ्याले पडलं. मंगरू म्हने, वहिनी, चांगल्या मडक्याले भोक पाडते, डोस्कं फिरलं का? मी म्हनलं, तुले काय समजते. फोटोखाली अंधार आहे, आता दरवाज्याजवळ ठेवीन. पान्याचं म्हनशील तं माहा हात ऐकत नाई, सवय धानाची. पन शिकीन. या वयात अ-आ-ई शिकली तं हेबी येइन.

गावात मी सांगून टाकलं. मागून समजन त्यापेक्षा पयलेच माह्या तोंडून समजलेलं बरं. दोघीतिघींनी तोंड वाकडं केलं. एक मले म्हने, धुरपता, सासूनं सुनेचं लग्न लावलेलं कधी आयकलं का? मी म्हनलं, नाई आयकलं. मीबी सुनेचं लावून नाई राहिली.

पुष्पाबाईले सांगजो का तिच्या ओसरीवर मांडव घालायची तयारी करू नको. त्या परसरामलेबी सांगजो, मोहाडीत चार मानसात उरकून टाकू म्हनत असन तं चालनार नाई. धान घरात आलं का त्याहिनं वरात घेऊन आसगावले यावं, आपल्या विहारात लगन लागन, अन् हे सारं गाव जेवन. पोरीचं लगन मायच्या दारातून होते.

धुरपता